आडनावाची शिक्षा

एका माणसाला शिक्षा म्हणून आडनाव देण्यात आलं. ३० ऑक्टोबर २०२५ ला बकिंगहॅम राजवाड्यातून पत्रक निघालं. राजे चार्ल्स यांनी धाकट्या भावाचे किताब, बिरुदं आणि सन्मान काढून घ्यायची प्रक्रिया सुरू केली आहे, यापुढे ते अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर या नावाने ओळखले जातील, असा मजकूर. पोस्टमनकडे, बँकेतल्या कॅशियरकडे, तुमच्या-माझ्याकडे जे असतं ते या गृहस्थांना पासष्टी ओलांडल्यावर बजावण्यात आलं. आणि जगाने मान डोलावली: छान झालं, चांगली अद्दल घडली.

मला यात अद्दल दिसत नाही. दुकानाची पत वाचवण्यासाठी फळीवरून हलवलेला माल दिसतो.

प्रकरण नवं नव्हतं. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या जेफ्री एपस्टीनशी अँड्र्यू यांची मैत्री वर्षानुवर्षं छापून येत होती. व्हर्जिनिया जुफ्रे यांनी त्यांच्यावर अत्याचाराचा आरोप केला. तो त्यांनी कायम नाकारला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात जबाबदारी कबूल न करता तडजोड केली. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये बीबीसीवर मुलाखत देऊन त्यांनी स्वतःची जी शोभा करून घेतली ती सगळ्यांनी पाहिली. जानेवारी २०२२ मध्ये लष्करातली मानाची पदं गेली. पण 'प्रिन्स' राहिले, 'ड्यूक ऑफ यॉर्क' राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जुफ्रे यांचं आत्मकथन त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास, १७ ऑक्टोबरला, अँड्र्यू यांनी आपण होऊन किताब वापरायचं सोडत असल्याचं जाहीर केलं. लोकांचं समाधान झालं नाही म्हणून तेराव्या दिवशी ते काढूनच घेतले. माणूस तोच होता आणि मूळ आरोपही तोच होता. मोठे झाले होते ते वर्तमानपत्रांतले मथळे.

प्रश्न साधा आहे, आणि तो राजवाड्याला कुणी विचारत नाही. 'प्रिन्स' हा किताब रक्ताने मिळतो की वागणुकीने? रक्ताने मिळत असेल तर तो काढता येणार नाही, कारण आई बदलत नाही. वागणुकीने मिळत असेल तर ती नोकरी झाली. मग जन्मलेल्या अर्भकाला ती कशी मिळते? राजवाडा दोन्ही डगरींवर हात ठेवून उभा आहे. द्यायची वेळ आली की वंश, परंपरा, हजार वर्षांचा वारसा. काढायची वेळ आली की जनभावना.

यावर कडी म्हणजे वारसांची रांग. पत्रक निघालं त्या दिवशी अँड्र्यू सिंहासनाच्या रांगेत आठवे होते, आणि पत्रकानंतरही आठवेच राहिले. ती रांग संसदेच्या कायद्याने ठरते, भावाच्या रागाने नाही. म्हणजे 'प्रिन्स' म्हणवून घ्यायला नालायक, पण वरच्या सात जणांचं काही बरंवाईट झालं तर राजा व्हायला पात्र. असं न्यायदान आमच्या एखाद्या ग्रामपंचायतीनेही केलं नसतं.

आता ते आडनाव बघू. शिक्षा म्हणून दिलेली वस्तू कुठल्या कारखान्यात तयार झाली हे पाहण्यासारखं आहे.

'विंडसर' हे प्राचीन वगैरे काही नाही. ते पहिल्या महायुद्धातलं आहे. राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट जर्मन, त्यामुळे १९०१ पासून ब्रिटनच्या गादीवर जे घराणं बसलं त्याचं नाव सॅक्स-कोबर्ग अँड गोथा. शांततेच्या काळात याचं कुणाला काही वाटलं नाही. मग युद्ध आलं. १३ जून १९१७ ला जर्मन विमानांनी भर दिवसा लंडनवर बॉम्ब टाकले. दीडशेहून जास्त माणसं मेली. पॉपलर भागातल्या एका प्राथमिक शाळेवर बॉम्ब पडला आणि अठरा मुलं गेली. त्या विमानांचं नाव गोथा. ज्या राजासाठी ही माणसं मरत होती त्याच्या घराण्याच्या नावातही गोथा. पाच आठवड्यांत, १७ जुलैला, राजे पाचवे जॉर्ज यांनी जाहीर केलं की आजपासून आम्ही विंडसर.

त्याआधीची धावपळ मोठी मजेशीर आहे. आपलं आडनाव नेमकं काय आहे, हे राजालाच ठाऊक नव्हतं. कुलचिन्हं आणि वंशावळी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारलं, तर तेही गोंधळले. वेट्टिन असावं, व्हिप्परही असू शकेल, असं उत्तर आलं. दोन्ही नावं जास्तच जर्मन. शेवटी राजाचे खासगी सचिव लॉर्ड स्टॅमफर्डहॅम यांना विंडसरचा किल्ला सुचला. उभा, दगडी, जुना आणि इंग्रज. घराण्याच्या नावाचा मामला मिटला. ज्या कुटुंबाचा सगळा डोलारा वंशावळीवर उभा आहे, त्या कुटुंबाचं नाव एका कारकुनी डोक्यातून निघालं, आणि ते चांगलं निघालं हे मान्य करायला हवं. स्टॅमफर्डहॅम आज असते तर त्यांनी जाहिरात कंपनी काढली असती.

नातेवाइकांनाही त्याच उन्हाळ्यात बारशाला बसवलं. राणी मेरीच्या माहेरच्या टेक मंडळींनी जर्मन किताब टाकून इंग्रजी नावं घेतली. बॅटनबर्ग मंडळी माउंटबॅटन झाली. यातल्या लुई बॅटनबर्ग यांनी सगळं आयुष्य ब्रिटिश आरमारात काढलं होतं, पण ऑक्टोबर १९१४ मध्येच जर्मन जन्माच्या कुजबुजीपायी त्यांना आरमारप्रमुखपद सोडावं लागलं होतं. त्यांचाच धाकटा मुलगा पुढे आपल्याकडे शेवटचा व्हाइसरॉय म्हणून आला. फाळणीचा आराखडा ज्या नावाने आपण शाळेत पाठ केला ते नाव, त्या वेळी जेमतेम तीस वर्षांचं होतं.

आणि ड्यूक ऑफ अल्बनीची गोष्ट. हा व्हिक्टोरियाचा नातू, जन्म इंग्लंडमधला. कोबर्गची गादी रिकामी पडल्यावर याच राजकुटुंबाने पोरवयात त्याला जर्मनीला धाडलं. जा, जर्मन हो. तो झाला. मग युद्धात जर्मनीच्या बाजूने उभा राहिला म्हणून १९१९ मध्ये त्याचा ब्रिटिश किताब काढून घेतला. पुढे तो नाझी पक्षात गेला, तेव्हा त्याच्यासाठी अश्रू ढाळायचं कारण नाही. पण एक फरक ध्यानात ठेवा. त्या वेळी उमरावांचे किताब काढायला संसदेने १९१७ साली स्वतंत्र कायदा केला. समिती नेमली गेली, तिने चौकशी केली, मग आदेश निघाला. एका मोठ्या युद्धाच्या धुमश्चक्रीतसुद्धा एवढी लाज राखली गेली होती.

१९१७ मध्येच, ३० नोव्हेंबरला, राजाने आणखी एक फर्मान काढलं. प्रिन्स-प्रिन्सेस कुणी म्हणवून घ्यायचं याची यादी. राजाची मुलं, राजाच्या मुलग्यांची मुलं, आणि प्रिन्स ऑफ वेल्सच्या थोरल्या मुलाचा थोरला मुलगा. राजाच्या मुलींची मुलं? नाहीत. राजे चार्ल्स यांची बहीण प्रिन्सेस ॲन यांनी आपल्या मुलांना किताब लावले नाहीत, किती साध्या, किती जमिनीवर पाय असलेल्या, असं कौतुक मी गेली कित्येक वर्षं वाचतो आहे. त्यांच्या साधेपणाबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या मुलांना प्रिन्स होताच येत नव्हतं, कारण आई बाई होती. अँड्र्यू यांच्या मुली मात्र जन्मतः प्रिन्सेस, कारण बाप पुरुष होता. २०१३ मध्ये संसदेने सिंहासनापुरता मुलगा-मुलगी भेद काढला. उमरावांच्या बहुतेक किताबांत तो अजून जसाच्या तसा आहे. समतेचं वारं सिंहासनापर्यंत पोचलं, दिवाणखान्यात शिरलं नाही.

परत माउंटबॅटनकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

अँड्र्यू यांचे वडील फिलिप हे ग्रीस आणि डेन्मार्कचे राजपुत्र. बापाच्या घराण्याचं नाव इतकं लांब आणि जर्मन की ते लंडनमध्ये उच्चारायची सोय नव्हती. १९४७ मध्ये लग्नाआधी त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेताना आईच्या माहेरचं माउंटबॅटन हे नाव उचललं. ६ फेब्रुवारी १९५२ ला बायको एलिझाबेथ राणी झाली. थोड्याच दिवसांत मामा लॉर्ड माउंटबॅटन आपल्या ब्रॉडलँड्सच्या वाड्यावर पाहुण्यांत बढाई मारून गेले की आता गादीवर माउंटबॅटन घराणं आलं. पाहुण्यांत हॅनोव्हरचे एक राजपुत्र होते. त्यांनी ते म्हाताऱ्या राणी मेरीच्या कानावर घातलं, तिने चर्चिल यांच्याकडे निरोप धाडला. भारत ज्या घाईने सोडला गेला त्यावरून चर्चिल यांचा माउंटबॅटनवर आधीच दात होता. मंत्रिमंडळ बसलं, आणि ९ एप्रिल १९५२ ला तरुण राणीने जाहीर केलं की मी आणि माझी मुलं विंडसरच राहू. या देशात आपल्या पोरांना स्वतःचं नाव देता न येणारा मी एकटाच पुरुष, अशा अर्थाचा फिलिप यांचा संताप प्रसिद्ध आहे.

इथे मला हसू आवरत नाही. विंडसर आणि माउंटबॅटन, दोन्ही नावं १९१७ च्या एकाच जुलै महिन्यात, एकाच भीतीपोटी जन्माला आलेली. १९५२ मध्ये दोघांचं वय पस्तीस. या दोन पस्तिशीतल्या नावांपैकी घराण्याचं पुरातन तेज कुणात जास्त, यावर साम्राज्याचं मंत्रिमंडळ खल करत होतं. देशात तेव्हा साखर आणि मटण रेशनवर होतं.

फिलिप आठ वर्षं कुढले. मग ८ फेब्रुवारी १९६० ला तोडगा निघाला. घराणं विंडसरच, पण राणीच्या ज्या वंशजांना 'रॉयल हायनेस' आणि प्रिन्स-प्रिन्सेस हे मान नसतील, त्यांना आडनाव लागलंच तर ते माउंटबॅटन-विंडसर. नीट वाचा. नवऱ्याचं नाव लावलं, पण कुणाला? जे पंगतीबाहेर बसणार त्यांना. नवऱ्याची समजूत काढायला दिलेली ही भेट पहिल्यापासूनच उतरंडीत खाली गेलेल्यांसाठी शिवलेली होती. आणि या जाहीरनाम्यानंतर अकराव्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, राणीला तिसरं मूल झालं. तेच हे अँड्र्यू. ज्या बाळाच्या पायगुणाने बापाचं नाव घरात शिरलं, त्याच बाळाला म्हातारपणी ते नाव डाग म्हणून लावलं. बापासाठी जो हट्ट होता तो मुलासाठी दंड झाला. असा योग कादंबरीकाराने घातला असता तर संपादकाने 'फार जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवला असता.

मधल्या काळात हेच नाव निरनिराळ्या कामांना वापरलं गेलं. ॲन यांनी १९७३ मध्ये लग्नाच्या नोंदवहीत ते लिहिलं, वडिलांचा मान म्हणून. २०१९ मध्ये हॅरी-मेगन यांनी मुलाचं नाव आर्ची माउंटबॅटन-विंडसर ठेवलं तेव्हा ते आधुनिक साधेपणाचं लक्षण ठरलं. पणजी वारल्यावर, १९१७ च्या त्याच फर्मानाच्या आधारे, आर्ची प्रिन्स झाला आणि साधेपणा संपला. एक आडनाव, तीन पिढ्या: वडिलांचा मान, नातवाची फॅशन, काकांची बेइज्जती.

दैनंदिन वापरात तर आणखी गंमत. विल्यम हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट वेल्स होते, हॅरी लष्करात कॅप्टन वेल्स. विल्यम यांचा मुलगा जॉर्ज २०१७ मध्ये शाळेत गेला तो जॉर्ज केंब्रिज म्हणून. २०२२ मध्ये पणजी गेली, बापाचा हुद्दा वाढला, आणि नऊ वर्षांच्या पोराचं हजेरीपटावरचं आडनाव वेल्स झालं. जमीनजुमल्याच्या नावाने माणसं ओळखली जाणं हा सरंजामी काळाचा रिवाज; तो प्राथमिक शाळेच्या वर्गात जिवंत आहे.

याच जॉर्जचा जन्मदाखला मला फार आवडतो. २०१३ सालचा. इतर कुठल्याही ब्रिटिश बाळाच्या दाखल्यासारखा साधा सरकारी कागद, ठरावीक रकाने. बापाचा व्यवसाय या रकान्यात लिहिलं आहे: 'प्रिन्स ऑफ द युनायटेड किंगडम'. आईच्या रकान्यात 'प्रिन्सेस'. राजवाड्याचे वकील, इतिहासकार, दूरचित्रवाणीवरचे राजघराणेतज्ज्ञ जे कधी कबूल करणार नाहीत ते निबंधकाच्या कचेरीतल्या एका ओळीने करून टाकलं. प्रिन्स हा धंदा आहे. मग त्याला नेमणूक असावी, कामाचं मोजमाप असावं, निवृत्तीचं वय असावं आणि बडतर्फीची रीतसर पद्धत असावी. ते मात्र नाही.

आर्चीच्या दाखल्याचं वेगळंच झालं. महिन्याभरात त्यात दुरुस्ती झाली आणि आईच्या नावाच्या जागी फक्त 'हर रॉयल हायनेस द डचेस ऑफ ससेक्स' एवढंच उरलं. तिचं स्वतःचं नाव गेलं. हे कुणाच्या सांगण्यावरून झालं यावर पुढे दोन्ही बाजूंनी चिखलफेक झाली, मला त्यात रस नाही. मला रस आहे तो दुरुस्तीत. बाळाला जन्म देणाऱ्या बाईची ओळख म्हणून तिचा किताब पुरेसा, नाव नसलं तरी चालेल.

बायकांच्या नावांशी हे घराणं असंच वागतं. केंटच्या प्रिन्स मायकल यांच्याशी १९७८ मध्ये लग्न केलेल्या बाईंचं नाव मारी-क्रिस्टीन. त्यांचं अधिकृत नाव काय? 'प्रिन्सेस मायकल ऑफ केंट'. हा टोमणा नव्हे, दरबारी यादीतलं नाव आहे. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहून बायकोचं नाव पुसायची चाल आहे, आणि तिच्यावर आपल्या लेखिकांनी यथेच्छ कोरडे ओढले आहेत. पण आपल्या नवऱ्यांनीही अजून बायकोला स्वतःचंच नाव लावायला सांगितलेलं नाही. 'सौ. दत्तात्रय' अशी हाक मारून बघा घरात.

किताब हा चाबूक म्हणून कसा वापरतात तेही बायकांच्याच बाबतीत दिसतं. आठव्या एडवर्ड यांनी डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली आणि ड्यूक ऑफ विंडसर झाले. नवऱ्याचा मान बायकोला मिळतो हा तिथला सर्वसाधारण नियम. पण वॉलिस सिम्प्सन दोनदा घटस्फोट झालेली, अमेरिकन. म्हणून २७ मे १९३७ ला खास फर्मान काढलं: 'रॉयल हायनेस' एडवर्डपुरतं, बायकोला नाही. लग्न ३ जूनला होतं. डायना यांच्या वेळी तेच. घटस्फोटानंतर हा मान राहणार नाही असं फर्मान २१ ऑगस्ट १९९६ चं, घटस्फोट २८ ऑगस्टचा. दोन्ही वेळा बरोबर सात दिवस आधी. भावी राजाची आई, जगातली बहुधा सर्वांत जास्त छायाचित्रं निघालेली बाई, कागदोपत्री एका आठवड्यात खाली उतरवली गेली. कमिला यांच्या बाबतीत उलटा प्रवास. २००५ मध्ये चार्ल्सशी लग्न करताना लोकांना शांत करायला सांगितलं गेलं की त्या राणी म्हणवून घेणार नाहीत, 'प्रिन्सेस कॉन्सॉर्ट' म्हणवतील. त्या लग्नाला मुंबईच्या डबेवाल्यांपैकी दोघांना आमंत्रण होतं, आणि आपल्या वर्तमानपत्रांनी त्याचा केवढा सोहळा केला ते आठवत असेल. २०२२ उजाडलं, लोक थंड झाले होते, आणि त्या राणी झाल्या. दिलेला शब्द सतरा वर्षांत झिजून गेला.

'पण राजाला अधिकारच काय आहेत? बिचारे फिती कापतात. नावांचा खेळ खेळतात तर खेळू द्या.' हा युक्तिवाद मला आपल्याकडचे शिकलेले लोकही ऐकवतात. एक तर सगळेच किताब पोकळ नाहीत. ड्यूक ऑफ कॉर्नवॉल या किताबामागे १३३७ पासूनची जहागीर आहे, आणि २०२३-२४ मध्ये तिने प्रिन्स विल्यम यांना दोन कोटी ३६ लाख पौंडांचा नफा दिला. कॉर्नवॉलमध्ये एखादा निपुत्रिक, बिनवारस, मृत्युपत्र न करता मेला तर त्याची मालमत्ताही त्या जहागिरीकडे जाते. आणि दुसरं, अधिकार नसलेल्या माणसाच्या हातात उरलेला एकमेव अधिकार कुणाला काय म्हणायचं हा असेल, तर त्याचा हिशेब कुणी मागायचा? मंत्र्यांना विचारलं की ते म्हणतात, हा राजवाड्याचा प्रश्न. राजवाड्याला विचारलं की तो परंपरेकडे बोट दाखवतो. परंपरा म्हणजे १९१७ चे दोन कागद.

किताब निरुपद्रवी असतात हे निदान दख्खनच्या माणसाने तरी म्हणू नये. १८७६ मध्ये पंतप्रधान डिझरायली यांनी ब्रिटिश संसदेत शाही किताबांचा कायदा करून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी केलं. १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत दरबार भरवून 'कैसर-ए-हिंद' ही पदवी पुकारली. हत्ती, तोफा, मेजवान्या. त्याच हिवाळ्यात सोलापूर, नगर, सातारा, पुणे या भागांत दुष्काळाने माणसं आणि गुरं मरत होती, गावंच्या गावं उठून चालली होती. त्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत लाखो मेले. राणीच्या नावापुढे एक शब्द वाढवायचा खर्च थांबला नाही. त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताच्या पांढऱ्या कपड्यांत गेले, आणि राणीच्या ब्रिटिश प्रजेला जे हक्क आहेत तेच हिंदी प्रजेला द्या, अशी मागणी करून आले. किताब वाटले जात असताना हक्क मागणारा तो माणूस मला त्या सगळ्या झगमगाटात एकटाच शहाणा वाटतो. हा किताब सोडायला तर त्यांना आपल्या स्वातंत्र्यानंतरही दहा महिने लागले. सहाव्या जॉर्ज यांनी तो २२ जून १९४८ ला टाकला.

आपण संविधानाच्या अठराव्या कलमाने सरकारी किताब बंद केले, १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे काढले. संसदेत, चर्चा करून, मतं मोजून. त्यानंतरही चौकाचौकातल्या फ्लेक्सवर 'महाराज', 'श्रीमंत' आणि 'राजे' यांचं पीक येतं हे खरं. पण ते चाहत्यांचं पीक आहे, राज्याने लावलेलं नाही. ब्रिटनवर टीका करताना मी हे विसरत नाही, आणि म्हणूनच लंडनमधल्या प्रत्येक बाळंतपणाची पहिल्या पानावर बातमी करणाऱ्या आपल्या संपादकांची मला कीव येते.

इतर राजघराणी काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. डेन्मार्कच्या राणी मार्गरेटे यांनी १ जानेवारी २०२३ पासून धाकट्या मुलाच्या चारही मुलांचा प्रिन्स-प्रिन्सेस किताब काढला. त्या पोरांचा गुन्हा काही नव्हता, घराणं आटोपशीर करायचं होतं. मुलगा माध्यमांपुढे दुखावून बोलला, राणीने इतका त्रास होईल असं वाटलं नव्हतं म्हणत माफी मागितली, निर्णय मात्र ठेवला. जपानमध्ये सम्राटाच्या कुटुंबाला आडनावच नाही. २०२१ मध्ये राजकन्या माको यांनी सामान्य माणसाशी लग्न केलं आणि कायद्याप्रमाणे कुटुंबातून बाहेर पडल्या, तेव्हा त्यांना आयुष्यातलं पहिलं आडनाव मिळालं, नवऱ्याचं. तिथेही आडनाव म्हणजे दाराबाहेरची पायरी. पण नेदरलँड्सने २००२ मध्ये राजघराण्याचे सदस्य कोण आणि त्यांचे किताब कोणते हे संसदेच्या कायद्यात लिहून टाकलं. तिथला राजा अजून गादीवर आहे. आकाश कोसळलं नाही.

मार्च २०२५ मध्ये मेगन यांच्या कार्यक्रमात एका मैत्रिणीने त्यांना मार्कल म्हटलं, तेव्हा त्यांनी तिला दुरुस्त केलं की मी आता ससेक्स. जग हसलं. माझ्या मते त्या भाबड्या असतील, चूक नव्हत्या. आई आणि मुलांचं नाव एक असावं एवढीच ती इच्छा. फक्त ते नाव एका परगण्याचं आहे, राणीने लग्नाच्या दिवशी दिलेलं आहे, आणि २०२० मध्ये ज्या घराण्याचं काम सोडलं त्याच्या पुण्याईवर जॅमच्या बरण्या विकल्या जातात. राजवाड्याशी भांडायचं तर त्याची पाटी काढून ठेवून भांडावं.

मी राजेशाही उद्या बुडवा म्हणत नाही. तो ब्रिटिशांचा प्रश्न, त्यांनी बघावं. पण ठेवायची असेल तर तिथल्या संसदेने एक कायदा करावा. जो गादीवर बसणार आणि जो तिच्या वतीने पगारी काम करणार, त्यालाच किताब, काम असेपर्यंत. बाकी सगळ्यांना आडनाव, राजालाही. आणि कुणाचा किताब काढायचा असेल तर तो सभागृहात, कारणं देऊन, मतं मोजून काढावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये असा कुठलाही कायदा झाला नाही. उमरावांच्या नोंदवहीतून नाव वगळण्यासाठी राजाने लॉर्ड चॅन्सेलरकडे कागद धाडले, एवढंच झालं. यॉर्कच्या खासदार रेचल मास्केल यांनी २०२२ मध्येच किताब काढण्याची तरतूद करणारं विधेयक मांडलं होतं. ते पुढे सरकलं नाही. त्यांच्या शहराने मात्र वाट पाहिली नाही. यॉर्कच्या नगरपरिषदेने अँड्र्यू यांना पूर्वी शहराचं मानाचं नागरिकत्व दिलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांनी उघड बैठकीत मतदान करून ते परत घेतलं. राजवाड्याला तेवढ्यासाठी आणखी साडेतीन वर्षं लागली.